हप्त्यांनीं कर्ज फेडणारा आणि वारशाचें उत्पन्न



कर्ज काढावें कीं न काढावें, ह्याविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु कर्ज फेडीत असतां हातीं दुसरें उत्पन्न आलें तर त्याचें काय करावें, हा प्रश्न क्वचितच कोणी उघडपणें विचारतो. बहुधा त्याचें उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक असतें व तें त्याला नकोसें वाटतें.

एक उदाहरण घेऊं. ता. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी ह्या नद्यांना पूर येऊन महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली, व त्याच दिवशीं तळिये येथें दरड कोसळून कित्येक कुटुंबें नाहींशीं झालीं. समजा, त्या पुरांत माल बुडालेल्या एका दुकानदारानें पतसंस्थेचें कर्ज काढलें. पुढें धंदा सांवरेना, हप्ते थकले. तेव्हां त्यानें आपली जमाखर्चाची वही संचालकांपुढें ठेविली. संस्थेनें दंडव्याज सोडलें, व्याजाचा दर उतरविला व लहान हप्ते बांधून दिले. ते तो नेमानें भरीत आहे. इतक्यांत पोलादपुरास त्याचे वडील वारले. त्यांच्या रस्त्यालगतच्या घरांतील दोन गाळ्यांचें भाडें येतें. त्यांतील वांटा दरमहा ह्याच्या हातीं पडूं लागला. आतां त्यानें हें संस्थेला कळवावें, कीं मुकाट्यानें ठरलेला हप्ता भरीत राहावें?

मुकाट्यानें राहावें असें म्हणणारांचीं कारणें हलकीं नाहींत. ते म्हणतात: कराराचा शब्द मी पाळीत आहें, बापानें घाम गाळून जें मिळविलें तें मुलांनातवंडांकरितां, सावकाराकरितां नव्हे, आणि पुरानंतर माझ्या लेंकरांनीं जें सोसलें त्याची भरपाई कोण करणार?

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. कोर्टानें ज्याला नादार ठरविलें त्याच्याविषयीं १९२० चा प्रांतिक नादारीचा कायदा स्पष्ट आहे: नादार ठरल्यापासून मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत जी मिळकत त्याच्याकडे येईल, मग ती वारशानें कां येईना, ती कोर्टाकडे किंवा रिसीव्हराकडे जाते. परंतु आपला दुकानदार नादार ठरलेला नाहीं; त्यानें धनकोशीं तडजोड केली आहे, व तेथें तडजोडीचा लेख हाच मुख्य होय. ऐपत वाढल्यास कळवीन असें त्यांत कलम असेल तर प्रश्नच उरत नाहीं. म्हणून पहिलें काम हें कीं, तो लेख काढून पुन्हां वाचावा. तडजोड लोकअदालतींत झाली असेल तर ती दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणें बंधनकारक असते, हेंहि विसरूं नये.

आणि तसें कलम नसेल तर? तेथें सदसद्विवेकबुद्धीला उत्तर द्यावें लागतें. माझ्या मतें तीन प्रकार निरनिराळे धरिले पाहिजेत. धनकोनें मुद्दल व व्याज ह्यांतून कांहींच सोडलें नसून केवळ मुदत दिली असेल, तर हप्ता वेळेवर भरणाऱ्यानें वारशाचें उत्पन्न मुलीच्या शिक्षणाला लावल्यास त्यानें कोणाचें कांहीं हिरावून घेतलें असें होत नाहीं. दुसरा प्रकार एकरकमी तडजोडीचा. रक्कम भरून पावती मिळाली व खातें बंद झालें, कीं पुढें आलेल्या वारशानें तो व्यवहार पुन्हां उघडत नाहीं. मात्र वारसा आधींच मिळालेला असून तो त्या वेळीं लपविला असेल, तर ती फसवणूक होय. तिसरा प्रकार असा कीं, 'माझी ऐपत एवढीच' ह्या शब्दावर विश्वासून धनकोनें आपलें कांहीं सोडलें, व ती सवलत अद्याप चालू आहे. आपला दुकानदार ह्यांत येतो. त्याचें म्हणणें त्या दिवशीं खरें होतें. आज तें खरें राहिलें नाहीं, आणि हें एकट्या त्यालाच ठाऊक आहे.

शिवाय पतसंस्थेचा पैसा कोणाचा? मुलानें मुंबईहून पाठविलेल्या पैशांतून ठेव ठेवणाऱ्या म्हातारीचा, निवृत्त शिक्षकाचा, कदाचित् त्याच पुरांत बुडालेल्या शेजाऱ्याचा. लेंकरांनीं सोसलें हें खरें. परंतु त्याची भरपाई ह्यांच्याकडून मागणें न्याय्य नव्हे.

आणखी एक वाट पुष्कळांना सुचते: आपला वांटा भावाच्या नांवें सोडून हक्कसोडपत्र करावें व भाडें मागल्या दारानें घ्यावें. धनकोंना चुकविण्याच्या हेतूनें केलेलें स्थावराचें हस्तांतर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें धनकोला रद्द करून मागतां येतें. बहिणीला तिचा वांटा देणें ही गोष्ट निराळी. तें दान नव्हे, देणेंच आहे, कारण आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १९२५ चा वारसा कायदा मुलगा व मुलगी असा भेद करीत नाहीं. वडिलांचें स्वतःचें कर्ज असल्यास तेंहि त्यांच्या मिळकतींतून आधीं फेडावें. उरेल तोच वारसा.

अलीशा संदेष्ट्याकडे आलेल्या विधवेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. धनको तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला होता. तेल वाढलें तेव्हां संदेष्ट्यानें तिला आधीं तेल विकून ऋण फेडावयास सांगितलें, व उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावयास सांगितलें. क्रम ऋणाचा पहिला; परंतु पोटाचा विसर पडलेला नाहीं. आपला दिवाणी कायदाहि जप्तींतून अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं व कारागिराचीं हत्यारें वगळतो.

तेव्हां त्या बंधूस माझें सांगणें असें: फेरफाराचा उतारा व भाड्याच्या पावत्या घेऊन संस्थेंत जावें, घरखर्चाची खरी गरज मांडावी, आणि उरलेल्या भाड्यांतून हप्ता किती वाढवितां येईल तें स्वतः होऊन सांगावें. आणि संचालकांस विनंती अशी कीं, जो न विचारतां सांगावयास आला त्याचें सोडलेलें दंडव्याज पुन्हां उकरून काढूं नये. त्याला शिक्षा झालेली पाहिली, तर त्याच्या मागून येणारा ऋणको तोंड उघडणार नाहीं, आणि त्या मौनाचा वांटा संस्थेच्याहि पदरीं पडेल.