मुठीच्या आत

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरी पाटावर जी शस्त्रे मांडली जातात, त्यांची यादी ऐकून कोणाही शूर पुरुषाला हसू येईल. धान कापायचे दोन विळे, एक कुऱ्हाड, विळी, आईचा अडकित्ता, वडिलांची पटाशी आणि माझी रंगांची पेटी. चित्रकलेच्या मास्तराचे शस्त्र दुसरे ते कोणते असणार? मी कादंबऱ्याही लिहितो, म्हणून बायको माझे पेन उचलून त्यांच्या शेजारी ठेवते. पण आजवर त्या पेनाची धार कोणाला लागल्याचे ऐकिवात नाही. अशा या साध्यासुध्या मंडळींत यंदा एक पाहुणी येऊन बसली आणि तिने सारा पाट व्यापून टाकला.

ती होती जपानी तलवार. म्हणजे जपानी घाटाची. माझा भाचा साकोलीला एका दुकानात नुकताच कामाला लागला आहे. पहिल्या पगारातून आईला लुगडे, आजीला शाल आणि उरलेल्या पैशांतून स्वतःला ही तलवार, असा त्याने हिशेब केला होता. तलवार टपालाने, खोक्यात बसून आली. काळे चकचकीत म्यान, त्यावर सोनेरी रंगाचा एक प्राणी. अजगराला पाय फुटावेत आणि वर मिशाही याव्यात, तसा. तोच प्राणी पुन्हा मुठीजवळच्या गोल चकतीवर आणि तिसऱ्यांदा पात्यावर.

"अठराशे पडले, मामाजी. ठेवाची लाकडी बैठक धरून," तो म्हणाला. "सांगा ना जी, कशी हाये? तुमी चित्रातले मानूस."

मी तलवार म्यानातून काढली, उजेडात धरली आणि म्हणालो, "दिसायला छान आहे."

या तीन शब्दांतला पहिला शब्द मी माझ्यासाठी उच्चारला होता आणि उरलेले दोन त्याच्यासाठी. त्याने अर्थातच उरलेले दोनच ऐकले. लगेच त्याने पुढची बातमी दिली. दिवाळीनंतर गावच्या मंडईला जे नाटक व्हायचे आहे त्यात सेनापतीचे काम त्याला मिळाले असून, यंदा पुठ्ठ्याची तलवार न घेता तो हीच घेऊन रंगमंचावर येणार होता. मिरवणुकीत असले काही नाचवलेस तर पोलीस दाराशी येतील, एवढे मी त्याला बजावले. "नाटकापुरतीच जी," असे म्हणून त्याने मला गप्प केले.

आता, ती दिसायला छान होती हे खोटे नव्हते. मुलांच्या चित्रांना गुण देण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. रेषा चांगली की वाईट एवढे मला कळते. पात्याचा बाक एका दमात, हात न उचलता ओढलेल्या रेषेसारखा होता. आपल्याकडची तलवार मुठीपाशी सरळ निघते आणि पुढे जाऊन वळते. ही मात्र पहिल्यापासूनच हळूहळू वळत गेली होती, वैनगंगेचे पात्र कुठे वळले ते नावेत बसून कळत नाही तशी. मुठीवर काळी फीत गुंडाळून मधूनमधून पांढरे चौकोन मोकळे ठेवले होते, तेही सुरेख. मिशीवाला प्राणी एकदाच काढला असता तर त्याला अधिक मान मिळाला असता. पण स्वस्त वस्तू घडवणाऱ्याला एकदा सांगून समाधान होत नाही. आणि धारेच्या कडेने, पात्याच्या सबंध लांबीवर, एक धूसर पांढरी लाट गेली होती. माझी नजर त्या लाटेवर अडकली.

ती लाट जपानी तलवारीचे भूषण म्हणून जगभर ओळखली जाते. पण मुळात ती कोणी शोभेसाठी काढलेली नाही. तिकडचे कारागीर लोहयुक्त वाळूपासून पोलाद करीत. मातीच्या भट्टीत तीन दिवस आणि तीन रात्री वाळू आणि कोळसा आळीपाळीने घालीत राहावयाचे. ते पोलाद ठोकावयाचे, दुमडावयाचे, पुन्हा ठोकावयाचे. मग घडलेल्या पात्याला चिकणमातीचा लेप द्यावयाचा, पाठीवर जाड आणि धारेकडे पातळ. आणि लालबुंद करून पाण्यात बुडवावयाचे. पातळ लेपाखालची धार चटकन निवते आणि कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कठीण आणि चिवट जेथे एकमेकांना भेटतात तेथे ती लाट उमटते. पात्याचा बाकसुद्धा त्या एका बुडीत वाढतो. आमचा लोहार विळ्याला 'पाणी देतो' ते हेच काम, फरक हातोटीचा. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर मी चित्रकार म्हणून भाळलो, तो बाक आणि ती लाट, त्या मूळच्या तलवारीत कामाच्या खुणा आहेत. शेतकऱ्याच्या तळहाताला घट्टे असावेत तशा. भाच्याच्या तलवारीवर मात्र ती लाट कोणी तरी तेजाबाने नाही तर तारेच्या ब्रशाने काढली होती. ज्याने कधी नांगर धरला नाही त्याने तळहातावर घट्टे रंगवून घ्यावेत, त्यातला हा प्रकार.

मग ती लाट खोटी म्हणायची का? या प्रश्नाने दसऱ्याची दुपार माझी झोप उडवली. कारण शोभेला खोटे म्हणावे तर चित्रकलेच्या मास्तराने उद्यापासून शाळेत जाऊच नये. भिंतीवरच्या चित्रातला आंबा कोणी खाऊन पाहत नाही. त्याच्यावर फसवणुकीचा आळही घेत नाही.

आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. लहानपणी घरात पितळेची पातेली असत आणि वर्षातून एकदोनदा कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावी. नवसागराचा धूर, कथलाची कांडी, कापसाचा बोळा. आणि काळवंडलेल्या पातेल्याच्या पोटात एकाएकी चांदणे पडे. आम्हा मुलांना वाटे की ही सगळी खटपट त्या चमकेसाठी आहे. आई सांगे, कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवले तर कळकते, पोटात गेले तर बाधते. ती चमक शोभा होती आणि राखणही होती. भांड्याच्या बाहेरून मात्र कोणी कल्हई करीत नसे. तेथे पितळ पितळ म्हणूनच मिरवे.

याउलट केवळ शोभा म्हणून असलेली शोभाही मला निषिद्ध वाटत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघूजीराजे भोसल्यांची, म्हणजे पहिल्या रघूजींची, तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आमचा हा मुलूख भोसल्यांचाच. तुमसरजवळचा अंबागडचा किल्ला त्यांच्याकडे होता, तेव्हा ती बातमी येथे घरातल्या माणसाच्या पत्रासारखी वाचली गेली. तिचे छायाचित्र मी वर्गात फळ्यावर चिकटवले होते. सरळ, एका धारेचे पाते. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब. त्या लेखातला शेवटचा शब्द आहे 'फिरंग'. पाते युरोपात घडलेले, मूठ देशी. अशा तलवारींना आपल्याकडे फिरंग म्हणत. मला त्या सोन्यापेक्षा तो शब्द मोलाचा वाटला. पाते परक्याचे आहे हे मालकाने लपवले नाही; सोन्याने लिहून ठेवले. नक्षी होती, पण ती तलवारीविषयी काही खोटे सांगत नव्हती.

इतका विचार झाल्यावर खरे तर मी स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण माझ्या डाव्या भुवईवर एक खूण आहे.

मी दहा वर्षांचा असेन. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात, नाटक रात्री सुरू होते आणि उजाडताना संपते. पोरे सर्वांत पुढे, तणसावर अंगावर घोंगडी घेऊन बसतात. त्या रात्री शेवटच्या अंकातल्या लढाईत सरदाराने तलवार डोक्यावरून फिरवली आणि मूठ त्याच्या हातात राहिली, पाते माझ्याकडे आले. लोखंडी पट्टीचे होते, धार नव्हती, म्हणून डोळा वाचला. तीन टाके पडले. नुसती मूठ उगारून तो नट पुढची वाक्ये म्हणत राहिला आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या, हे मला नंतर मोठ्या भावाने सांगितले. त्या नटावर माझा राग नाही. मुठीच्या आत काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी लोहाराकडे गेलो. त्याच्या भात्यापुढे विळ्यांचा ढीग पडला होता. हलका धान कापणीला आलेला आणि भारी मागोमाग येणारा, तेव्हा या दिवसांत त्याला मान वर करायला सवड नसते. तरी तलवार पाहून तो उठला. हात धोतराला पुसून त्याने ती घेतली, पात्यावर नख मारून आवाज ऐकला आणि हसून म्हणाला, "गुरुजी, याले पानी नाई." मग मुठीच्या टोकाची टोपी त्याने पिळली. ती आट्यांची निघाली. मूठ सरकली आणि आतून बाहेर आली एक बारीक सळई, पेन्सिलीहून किंचित जाड, पात्याच्या बुडाला डाग देऊन चिकटवलेली. हातभर पाते त्या एका डागाच्या भरवशावर उभे होते. सांध्यापाशी एक केसासारखी काळी रेघही होती. लोहाराने ती बोटाने दाखवली आणि काही न बोलता विळ्याकडे वळला.

जपानी कारागीर आपले नाव नेमके याच जागी कोरतो. पाते मुठीत रुंदच्या रुंद शिरलेले असते आणि बांबूच्या एका खुंटीने धरलेले असते. खुंटी काढली की मूठ निघते आणि नाव दिसते. तलवार वापरणाऱ्याला ते रोज दिसत नाही. त्या भागावरचा गंजदेखील पुसत नाहीत, कारण जाणकार त्यावरून तलवारीचे वय ओळखतात. १८७६ साली जपानी सरकारने सैनिक, पोलीस वगैरे सोडून इतरांना कमरेला तलवार बांधण्याची बंदी केली. पण जेथे कोणी पाहत नाही तेथे नाव घालण्याची रीत तेथल्या लोहारांनी सोडली नाही. आपल्या जुन्या तलवारींचे मुठीतले टोक आखूडच असे, हेही खरे. ते लाखेत किंवा राळेत बसवीत. तेव्हा आखूड असणे हा काही गुन्हा नव्हे. पण ती मूठ लढणाऱ्याच्या हातासाठी बसवलेली असे. या सळईवर कोणाचा हात कधी जोर देईल, असा विचार कोणी केलाच नव्हता. आणि तरी मुठीवर हाताची पकड घट्ट बसावी अशी फीत गुंडाळली होती. ती रंगवलेली लाट मी केव्हाच माफ केली होती. ही फीत मला माफ करता येईना. लाट डोळ्यांना काही तरी सांगते. फीत हाताला बोलावते.

परतताना भाचा बराच वेळ बोलला नाही. मोटारसायकल मीच चालवत होतो. मागून तो एकदम म्हणाला, "मंग तुमी छान हाये काहून म्हन्लं?"

याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि आजही नीट देता येत नाही. शाळेत एखाद्या पोराने रंगाने कागद भिजवून फाडून आणला तरी मी म्हणतो, छान. त्याने ते बापाला दाखवायचे असते, बापाने भिंतीवर लावायचे असते. तेथे माझ्या 'छान'वर कोणाचा भार पडत नाही. पण या पोराने माझा शब्द हातात धरला होता आणि तो धरून पुढच्या रांगेतल्या लेकरांच्या डोक्यावरून तलवार फिरवायला निघाला होता. माझ्या वाक्यालाही वरून चांगली फीत गुंडाळलेली होती. आत काय होते ते मला पाट मांडलेला असतानाच संशयाने ठाऊक होते. सणाच्या दिवशी कशाला, पहिल्या पगाराची वस्तू आहे, असे म्हणून मी टोपी पिळून पाहिली नाही. एवढे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "बरं." त्याच्या त्या 'बरं'मध्ये क्षमा होती की अठराशे रुपयांची हळहळ, हे त्याची पाठ माझ्या पाठीला असल्यामुळे कळले नाही.

नाटकासाठी आम्ही दोघांनी मिळून लाकडाची तलवार केली. सागाची पट्टी, पाते आणि मूठ एकाच तुकड्याची, वरून चंदेरी कागद. बाक साधायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि तरी तो त्या अठराशेच्या तलवारीइतका देखणा झाला नाही, हे मला कबूल करावे लागते. भाच्यानेही तसे सांगितले. धारेच्या कडेने मी पेन्सिलीने ती लाट काढून दिली. ती काढताना माझी मलाच थोडी गंमत वाटली.

खरी खोटी तलवार बहिणीच्या घरी बैठकीत टांगलेली आहे. भाच्याने तिला दोन्ही टोकांना तार बांधून घेतली आहे, पोरांचा हात पोचू नये इतक्या उंचीवर. दिवाळीच्या फराळाला आलेले पाहुणे मान वर करून विचारतात, आणि तो सांगतो, "मामाजी म्हन्ले, दिसाले छान हाये." वाक्य माझेच आहे, तेव्हा मी लाडू उचलतो आणि खिडकीबाहेर पाहतो.