शेजाऱ्याचा अडथळा

इ. स. १९७० च्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क शहरी, लाफायेट मार्गावरील एका नाट्यगृहाच्या इमारतीत, एक चिमुकले चित्रपटगृह उघडण्यात आले. बैठका अवघ्या नव्वद. ‘अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्हज’ ह्या संस्थेचे हे पहिले घर. लिथुएनियातून परागंदा होऊन अमेरिकेत आलेला कवी व चित्रपटकार जोनास मेकस हा तिचा प्राण; जेरोम हिल ह्या रसिकाचे तीस द्रव्यसाहाय्य; आणि गृहाची रचना व्हिएन्नाच्या पीटर कुबेल्काची. भिंती काळ्या, छत काळे, पायांखालचे जाजम काळे. प्रत्येक आसनाच्या दोन्ही बाजूंस व माथ्यावर आडोसे, टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांवर झापडे असतात त्या जातीचे. बसल्यावर पडद्याखेरीज काही दिसू नये. पुढच्याचे डोके नाही, शेजाऱ्याचा चेहरा नाही, भिंतीवरचे नक्षीकामही नाही. कुबेल्काने ह्या गृहास ‘अदृश्य चित्रगृह’ असे नाव दिले. गृह स्वतः नाहीसे होऊन केवळ चित्र उरावे, हा त्याचा हेतू.

नियमही ह्याच कठोर वळणाचे होते. खेळ सुरू झाल्यावर आत प्रवेश नाही. परभाषेतील चित्रांच्या तळाशी भाषांतराच्या ओळी नाहीत. आणि कार्यक्रम पाहावा तर तो नित्याच्या चित्रपटगृहासारखा लोकांच्या मागणीप्रमाणे बदलणारा नव्हे. पाच जणांच्या मंडळाने चित्रपटकलेची अत्यावश्यक म्हणून जी सुमारे तीनशेतीस चित्रे निवडली, तीच शंभराहून काही अधिक खेळांत वाटून, महिना-सव्वा महिन्यात एक आवर्तन पुरे करावयाचे व पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावयाची, अशी योजना होती. वारकऱ्याच्या पंधरवड्याच्या एकादशीप्रमाणे ते ते चित्र आपल्या वेळी परत येई. आज चुकले तर पुढल्या फेऱ्यात पाहावे.

ही हकीकत आम्हांस नुसती कुतूहलाची वाटत नाही. तीत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. कलाकृतीस आपण काय देणे लागतो आणि तिच्या भोवती जमलेल्या माणसांस काय देणे लागतो, ह्या दोहोंत विरोध उत्पन्न झाला असता कोणत्या बाजूने झुकावे? कुबेल्काने उत्तर लाकडात व काळ्या कापडात कोरून ठेवले: शेजारी हा अडथळा आहे, तो दूर करावा. मते कागदावर मांडणारे पुष्कळ असतात. मताप्रमाणे खुर्च्या करवून घेणारे थोडे. म्हणूनच त्याच्या मताची परीक्षा आदराने व कसोशीने केली पाहिजे.

प्रथम त्याच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. आपल्याकडील चित्रपटगृहांत ज्याने दाणे फोडण्याचा, कथानक पुढे पुढे सांगण्याचा, व अलीकडे हातातील दूरध्वनीचा उजेड पाडण्याचा प्रसाद भोगला आहे, त्यास झापडांचा मोह पडल्यावाचून राहणार नाही. पण प्रश्न केवळ गैरशिस्तीचा नाही. अभिनवगुप्ताने, दहाव्या-अकराव्या शतकांतील त्या काश्मिरी आचार्याने, नाट्यशास्त्रावरील टीकेत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक विघ्न म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःच्याच सुखदुःखांत बुडून राहणे. घरचे कर्ज, मुलीचे लग्न, दुखणारी दाढ हे सारे घेऊन मनुष्य रंगमंडपात येतो, आणि जोवर ते त्याच्या मनातून उतरत नाही तोवर रंगभूमीवरचे दुःख त्यास दिसतच नाही. कुबेल्काच्या व आचार्यांच्या निदानात येथवर फरक नाही. चित्त विचलित आहे. ते वळवून आणले पाहिजे.

फरक आहे तो उपायात, आणि तो मोठा बोलका आहे. आचार्य मंडप रिकामा करीत नाहीत, तो सजवितात. गायन, वादन, शोभिवंत मंडप, कुशल गणिका ह्यांच्या योगाने रुक्ष मनुष्यासही हृदयाची निर्मळता येते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय सर्व प्रेक्षकांची प्रतीती एकजीव झाली म्हणजे रसाचा परिपोष अधिकच होतो, असे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे त्यांच्या लेखी शेजारी हे विघ्न नसून विघ्नहरणाचे साधन आहे! मी आपल्या दाढेतून बाहेर निघतो तो शेजारचा मनुष्य आपल्या कर्जातून बाहेर निघाला असल्याचे मला जाणवते म्हणून.

आता ह्या दोहोंत कोणाचे खरे? साधारणीकरणाचा सिद्धान्त आम्हांस प्रिय असला तरी त्याचे उत्तर संपूर्ण मानण्यास आम्ही तयार नाही. एकजीव प्रतीती ही नेहमीच निर्मळ असते असे कोण म्हणेल? ग्रिफिथचे ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हे १९१५ सालचे चित्र घ्या. चित्ररचनेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे. पण त्यात मुखवटेधारी कू क्लक्स क्लॅनच्या स्वारांस उद्धारकर्ते म्हणून दाखविले आहे, आणि त्याच वर्षी ती संघटना पुन्हा उभी राहिली. त्या काळी गोऱ्या प्रेक्षकांनी भरलेल्या गृहात ह्या स्वारांच्या आगमनाने जो हर्ष उसळला असेल, तोही साधारणीकरणाचाच प्रकार होता. त्या वेळी कोणी एक प्रेक्षक झापडे लावून बसला असता तर कदाचित अधिक शहाणपणाने विचार करता. समुदाय हा मनुष्यास त्याच्या क्षुद्र स्वार्थातून वर काढतो तसाच तो त्यास त्याच्या विवेकातूनही बाहेर ओढतो.

इतके मान्य करूनही आमचे मत झापडांच्या विरुद्धच पडते. कारण असे की, शेजाऱ्याचा खरा उपयोग तो आपल्याशी एकरूप होतो तेव्हा नसून तो एकरूप होत नाही तेव्हा आहे. सारे गृह हसत आहे आणि बाजूचा एक गृहस्थ हसत नाही, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले की आपले हसू घशात अडखळते. आपण कशास हसलो? लंगड्यास? काळ्या माणसास? मोलकरणीस? हा प्रश्न पडदा विचारीत नाही. पडद्याला आपण हसावे एवढेच हवे असते. तो प्रश्न त्या न हसणाऱ्या गृहस्थाच्या चेहऱ्याने विचारलेला असतो. उलट सारे स्वस्थ बसले असता कोणा म्हाताऱ्याच्या डोळ्यांस पाणी आलेले दिसते, आणि आपण जे दृश्य सहज ओलांडून गेलो त्यात काही होते असे उमगते. ग्रिफिथच्या त्या चित्रासमोर बसलेल्या गोऱ्या समुदायात एखादा काळा प्रेक्षक दृष्टीस पडता, तर तो हर्ष तसाच निर्वेध राहता काय? अमेरिकेतील त्या काळच्या अनेक गृहांत काळ्यांस वेगळ्या सज्ज्यात बसवीत, किंवा आत घेतच नसत. ती देखील एक प्रकारची झापडेच होती.

आणि झापडांचे राज्य आज आले आहे ते कुबेल्काच्या मागणीवाचून. हातातील काचेवर, कानांत बोळे घालून, एकेकटा मनुष्य जगातले कोणतेही चित्र पाहू शकतो. त्याच्या नजरेत कोणाचे डोके येत नाही. तथापि ‘अदृश्य चित्रगृहा’त जे लक्ष लागे ते त्याचे लागते काय? आमचा अनुभव उलट आहे. कारण ह्या प्रेक्षकाच्या हाती थांबविण्याची कळ आहे. चहा होईतो चित्र थांबते, कंटाळवाणा भाग पुढे ढकलला जातो. त्या नव्वद आसनांच्या गृहात लक्ष लागत असेल तर ते आडोशांमुळे थोडे आणि नियमांमुळे फार, असे अनुमान करण्यास हरकत नाही. चित्र अमुक वाजता सुरू होणार. ते माझ्यासाठी थांबणार नाही. माझ्याप्रमाणेच आणखी काही माणसे आपली संध्याकाळ मोडून आली आहेत. ज्या वेळेवर आपली सत्ता चालत नाही अशा वेळेस स्वतःस स्वाधीन करणे ह्यात एक नम्रता आहे, आणि ती चौघांत पाळणे सोपे जाते. उपवासाचे तसेच आहे; घरात एकट्याने धरलेला उपवास दुपारपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

भाषांतराच्या ओळी गाळण्याच्या नियमाविषयी आम्ही थोडक्यात आटोपतो. पॅरिसमध्ये आंरी लांग्लवाही आपल्या सिनेमातेकमध्ये पुष्कळदा परभाषी चित्रे तशीच दाखवी, आणि त्या गृहातून तयार झालेल्या तरुणांनी पुढे फ्रेंच चित्रपटास नवे वळण लावले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. कळत नाही त्याकडे मनुष्य डोळे ताणून पाहतो, हे खरे. पण अज्ञान लादून लक्ष वाढविणे हा गुरूचा हक्क शिष्यावर चालतो. तिकीट काढून आलेल्या परक्या मनुष्यावर तो कितपत चालावा ह्याची आम्हांस शंका आहे. कर्नाटकातील हेग्गोडू ह्या खेड्यात, के. व्ही. सुब्बण्णा ह्यांच्या नीनासम संस्थेने १९७० नंतरच्या दशकात शेतकरी-शेतमजुरांपुढे जगातील नामांकित चित्रे दाखविली. इंग्रजी ओळी ज्यास वाचता येत नाहीत त्याच्या पुढे चित्र ओळींसह आले काय नि ओळींवाचून आले काय, सारखेच. त्यास गरज लागते ती समजावून सांगणाऱ्या माणसाची. पुन्हा शेजारीच!

निवडीचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. पाच माणसांनी तीनशेतीस चित्रे अत्यावश्यक ठरवावीत आणि बाकीची बाहेर ठेवावीत, हा केवढा धीटपणा! यादीत स्त्रियांची नावे बोटांवर मोजण्याइतकी. यूरोप-अमेरिकेबाहेरील जग अल्प. आणि जेरोम हिल १९७२ साली वारल्यावर द्रव्याचा ओघ आटला व निवडीचे काम अर्धवटच राहिले. ह्याच्या अगदी उलट वृत्ती पाहावयाची तर आमच्या पुण्यातच आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. पुढल्याच वर्षी तेथे आलेल्या पी. के. नायर ह्यांनी आपले आयुष्य त्यात घातले. संग्राहकाने बऱ्यावाइटाचा निवाडा करू नये, मिळेल ते सारे राखावे, ही त्यांची भूमिका. ज्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले व त्यांतील मूठभर उरले, ज्या देशात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही अंशच शिल्लक आहे, तेथे ही भूमिका व्यसनासारखी वाटली तरी शहाणपणाची होती.

पण राखणे वेगळे आणि दाखविणे वेगळे. कपाटात सर्वांस जागा असते. संध्याकाळी सहाच्या खेळास एकासच. दाखविणारा निवड करतोच, केली नाही असे म्हणणारा ती तिकीटविक्रीवर सोपवितो इतकेच. लहान चित्रपटगृहाचा चालक महिन्याच्या आरंभी जो कागद छापतो त्यावर प्रत्येक तारखेपुढे एक नाव असते, आणि त्या एका नावापायी न लिहिलेली शेकडो नावे असतात. आमच्या मते त्याचा धीटपणा क्षम्य आहे तो दोन अटींवर. एक, निवड आपली आहे हे त्याने उघड सांगावे. दुसरी, तिचा तोटा त्याने स्वतः सोसावा, म्हणजे बारा माणसांपुढेही ठरलेले चित्र ठरल्या वेळी लावावे. मेकसच्या मंडळाने ह्या दोन्ही अटी पाळल्या असे आम्हांस दिसते, म्हणून त्यांच्या यादीशी भांडताना आमचा आदर कमी होत नाही.

शिवाय अत्यावश्यक म्हणून जे ठरले ते तरी किती निश्चित होते? ड्रायरचे १९२८ सालचे ‘जोन ऑफ आर्क’वरील चित्र घ्या. त्याची मूळ प्रत जळाली. दिग्दर्शकाने न वापरलेल्या तुकड्यांतून दुसरी जुळविली, तीही अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडली. पन्नासांहून अधिक वर्षे जगाने पाहिले ते शेषांतून सांधलेले, कापलेले, दुसऱ्यांनी सजविलेले रूप. मग १९८१ साली नॉर्वेतील एका मनोरुग्णालयात मूळ चित्राची एक प्रत सापडली. म्हणजे १९७० साली त्या काळ्या गृहात जो प्रेक्षक झापडांआडून एकटक पाहत होता तो ड्रायरचे चित्र पाहत होता असेही धड म्हणता येत नाही. त्याचे लक्ष वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण ‘केवळ कलाकृती आणि मी’ ह्या समीकरणातील पहिले पदच असे डळमळीत निघावे, ह्यात कुबेल्कास विचार करण्याजोगे काही होते.

ते नव्वद आसनांचे गृह १९७४ साली बंद झाले. संस्था दुसऱ्या जागी गेली, आणि १९८८ पासून ती सेकंड ॲव्हेन्यूवरील एका जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आहे. तेथील एका लहान प्रेक्षागृहास माया डेरेन ह्या चित्रपटकर्त्रीचे नाव दिलेले आहे. मेकस २०१९ साली, शहाण्णव वर्षांचा होऊन वारला. अत्यावश्यक चित्रांची ती अपूर्ण यादी तेथे अजून आळीपाळीने दाखविली जाते, इतर पुष्कळ चित्रांच्या सोबतीने. कुबेल्काने १९८९ साली व्हिएन्नाच्या चित्रपट-संग्रहालयात पुन्हा एक ‘अदृश्य चित्रगृह’ बांधविले. तेही भिंतींपासून खुर्च्यांपर्यंत काळेच आहे. खुर्च्यांमधील आडोसे मात्र ह्या खेपेस नाहीत.