वाफसा कोणी ठरवायचा?

यंत्राच्या हातून एखादे काम घडते तेव्हा त्या कामाचा कर्ता कोणाला म्हणावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांना आणि व्याकरणालाही जुनाच आहे. आता तो सहावी-सातवीच्या वर्गात, तारा, मोटर आणि बॅटरी यांच्या पसाऱ्यात मुलांच्या हाताशी येऊन बसला आहे, एवढेच नवे. नीती आयोगाच्या अभियानातून २०१६ पासून शाळांना मिळू लागलेल्या अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी तिथे स्वतः जोडणी करून, आज्ञावली म्हणजे प्रोग्राम लिहून रोबोटिक्स शिकावे अशी अपेक्षा असते. बुलढाण्यासारख्या प्रामुख्याने कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात अशा वर्गाला सर्वांत साजेसा उपक्रम म्हणजे मातीतील ओलावा पाहून पाण्याचा पंप स्वतःच सुरू आणि बंद करणारे यंत्र. त्याला हातपाय नसले तरी जाणणे, ठरवणे आणि करणे या तिन्ही पायऱ्या त्यात असल्यामुळे ते रोबोटच्या जातीतच मोडते.

या यंत्राची रचना सोपी आहे. डब्यात भरलेल्या काळ्या मातीत संवेदकाची, म्हणजे सेन्सरची, दोन टोके खोचली की मातीतून वाहणाऱ्या विजेवरून आर्डुइनो या छोट्या नियंत्रकाच्या साध्या पाटीवर, म्हणजे बोर्डवर, ० ते १०२३ यांमधला एक आकडा उमटतो, आणि नेहमीच्या जोडणीत माती जितकी कोरडी तितका तो मोठा येतो. आज्ञावलीत लिहायचे ते इतकेच, की आकडा अमुक एका मर्यादेपुढे गेला की पंप सुरू करावा. पण ती मर्यादा कोणती, हे कोणतीच पुस्तिका खात्रीने सांगू शकत नाही. ती मातीच्या पोतावर, टोकांच्या खोलीवर आणि त्यांना चढलेल्या गंजावर अवलंबून असते. शेतकऱ्याजवळ या मर्यादेसाठी एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाफसा: पेरणीला किंवा मशागतीला योग्य असा मातीतला ओल आणि हवा यांचा मेळ. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हावा आणि हलक्या धक्क्याने तो फुटावा, ही त्याची हाताची परीक्षा. मुलाने अशी वाफशावरची माती शेतातून आणून तिच्यात टोके खोचली आणि दिसलेला आकडा आज्ञावलीत लिहिला, तर घरातल्या म्हाताऱ्या हातांची पारख यंत्रात उतरते. पुस्तिकेतला आकडा जसाच्या तसा उतरवला, तरी पंप चालू-बंद होतोच. फक्त ठरवण्याचे काम त्या मुलाकडून घडलेले नसते.

पाणिनीच्या व्याकरणात स्वतंत्र असेल तो कर्ता, क्रियेला सर्वाधिक साधक ते करण, आणि कर्त्याला प्रवृत्त करणारा तो हेतू. परंतु ‘भांडे शिजवते’ असा प्रयोगही परंपरेला अमान्य नाही, कारण कारकाची निवड बोलणाऱ्याच्या विवक्षेवर, म्हणजे त्याला काय सांगायचे आहे त्यावर, ठरते. ‘पंप चुकला’ असे मूल म्हणते तेव्हा ते करणाला कर्ता करीत असते, आणि आपण त्यातून अलगद बाहेर पडत असते. न्यायदर्शनाची कसोटी याहून कडक आहे: कार्याच्या सामग्रीचे ज्ञान, ते करण्याची इच्छा आणि प्रयत्न ही तिन्ही ज्याच्या ठायी असतील तोच कर्ता. संवेदकाला यांतले एकही लागू होत नाही, आणि आकडा नकलून घेणाऱ्या मुलाकडे प्रयत्न तेवढा उरतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कर्तृत्वाचा हा अभिमानच सैल केला आहे. तिथे कोणत्याही कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी मलिन ठरवली आहे. वर्गातला डबा याला दुजोरा देतो. काळी माती वाळताना आक्रसते, तिला भेगा पडतात, टोके मातीऐवजी हवेत उभी राहतात आणि खाली मुळांशी ओल असतानाही पंप धो धो पाणी ओततो. आज्ञावली बिनचूक असूनही काम बिघडते. याच अध्यायाच्या ६१व्या श्लोकात सर्व भूते यंत्रावर चढवल्यासारखी ईश्वराच्या मायेने फिरवली जातात असे म्हटले आहे, आणि शंकराचार्य त्यावरील भाष्यात लाकडी पुतळ्यांचा दाखला देतात. मग माणूसही रोबोटच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे, कारण लगेच ६३व्या श्लोकात अर्जुनाला सर्व ज्ञानाचा पूर्ण विचार करून मग इच्छा असेल तसे करण्यास सांगितले आहे. हे शेवटचे वाक्य पंपाला उद्देशून लिहिता येत नाही.

मातीची ओल वाचण्याची एक जुनी रीत बुलढाणा जिल्ह्यातच आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते: शेतातल्या घटात अठरा प्रकारची धान्ये, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवून, दुसऱ्या दिवशी सकाळी झालेले बदल पाहून पाऊस-पिकाचे भाकीत सांगितले जाते. इकडे अंधश्रद्धा आणि तिकडे विज्ञान अशी ठोकळेबाज विभागणी इथे फारशी कामाची नाही. ओले ढेकूळ असो वा पाटीवरचा आकडा, वाचणारा माणूसच असतो. भेद आहे तो चूक पदरात घेण्याचा. घटाचे भाकीत फसले तरी वाचनाचा नियम बदलत नाही, तर प्रयोगशाळेत नियम आधी लिहून ठेवावा लागतो आणि फसला की लिहिणाऱ्यालाच तो दुरुस्त करावा लागतो. कारणे पाच असली तरी दुरुस्ती करू शकणारा त्यांत एकच असतो, आणि कर्तृत्वाचा अभिमान सोडूनही उत्तरदायित्व त्याच्याकडेच राहते. नकललेल्या आकड्याच्या वर्गाला हा भेद सांगण्याचा अधिकार नाही; घटमांडणीमागे निदान सुमारे साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते, पुस्तिकेतल्या आकड्यामागे तीही नसते.

म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती, की आज्ञावलीतील मर्यादेची जागा त्यांनी कोरी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मुलांना घरून मूठभर माती आणायला सांगावे.