साडेतीनचं व्याकरण

आमची कन्या कॉम्प्युटर शिकते. म्हणजे फी मी भरतो आणि शिकते ती. परवा ती एका जुन्या प्रोग्रॅममधले 'हार्ड-कोडेड कॉन्स्टंट' हुडकत बसली होती. हे काय प्रकरण, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा, उद्या बदलू शकणारा आकडा कधीच बदलणार नाही असं धरून कुणीतरी थेट सूत्रात ठोकून ठेवतं ना, तो."

मी गप्प. ही ठोकाठोकी मी स्वतः केलेली आहे.

२००३ च्या मार्चपासून बचत खात्यावर साडेतीन टक्के व्याज. दर रिझर्व्ह बँकेचा, सगळ्या बँकांना एकच. आठ वर्षं तो हलला नाही. सूर्य पूर्वेला उगवतो आणि बचतीला साडेतीन मिळतात, इतकी आमची खात्री! ग्राहकांना अंदाज सांगायला मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि दिसेल तिथे ३.५ लिहून मोकळा झालो. २०११ च्या मे महिन्यात दर झाला चार. मी मशीनला सांगितलं, ३.५ शोध, ४ कर. क्षणात फत्ते.

त्याच तक्त्यात कर्जाचा दर होता १३.५. त्याच्या पोटातल्या ३.५ चाही ४ झाला आणि कर्ज चौदा टक्क्यांवर गेलं. घराचे पत्रे बदलायला कर्ज मागणारे एक गृहस्थ हप्ता ऐकून "बघतो" म्हणाले, ते परत आले नाहीत. चूक मला महिन्याने कळली. वहीत पैशाचा फरक नाही, त्यामुळे ऑडिटरला सापडण्यासारखं काहीच नव्हतं. त्या पावसात पत्रे गळले का, हे मी विचारायला गेलो नाही.

कन्या म्हणाली, "तुम्ही अक्षरं शोधलीत, आकडा नाही." आम्हाला शाळेत बाई वाक्याचं व्याकरण चालवायला लावत, हा कर्ता, हे कर्म. पायथनमधलं 'एएसटी' प्रोग्रॅमचं तसंच व्याकरण चालवतं. सूत्राचं झाड होतं, त्यात १३.५ हे एक अखंड पान. शेऱ्यात लिहिलेला ३.५ झाडावर येतच नाही. कुणी चतुराईने ०.०३५ लिहिला असेल, तर तोही आकड्यांच्या यादीत उघडा पडतो. पण वर्षाचे बारा महिने आणि व्याजाचे साडेतीन टक्के त्या झाडाला सारखेच. कायमचं कोण आणि तात्पुरतं कोण, हे माणसानेच ठरवायचं. इथे आमची पंचाईत.

कॅश जुळल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, हे बारा महिन्यांच्या जातीचं. त्यावर चर्चा नको. पण "सातच्या आत घरात"?

"हा सात आला कुठून?" कन्येने विचारलंच. माझ्या वडिलांकडून, एवढंच मला माहीत. ताईला फोन लावला.

ती म्हणाली, "अरे, गावाकडची शेवटची एस्टी पावणेसातला होती. चुकली की चार किलोमीटर चालत. तेवढ्यासाठी अण्णा ओरडायचे. तुला काय वाटलं?"

मला बरंच काही वाटत होतं. फोन ठेवेपर्यंत कन्या चपला घालून दारात.

"किती वाजतील?" मी विचारलं.

"नऊ," ती म्हणाली, "पण हे कुठे लिहून ठेवू नका."