फळ्यावर भेळ होत नाही

सातवीच्या वह्या पाहिल्या. पोह्यांची कृती सगळ्यांची एकच. ‘बारीक’मधली री सगळ्यांचीच ऱ्हस्व. म्हणजे कृती एकाही पोराने लिहिली नाही. तू फळ्यावर खरडलीस, त्यांनी उतरवली. खाली तुझी सही आणि ‘छान’. काय छान? कुणाचं छान?

सबबी सांगू नकोस, मला पाठ आहेत. अभ्यासक्रम उरकायचाय. ऑनलाइन माहिती भरायचीय. साहित्याला पैसे नाहीत. मुरमुरे, कांदा, मूठभर शेंगदाणे. याला कोणतं अनुदान लागतं रे? आणि ‘पोरं घरी अहिराणी बोलतात, त्यांना लिहिता येत नाही’ हे तर तोंडातून काढूच नकोस. देवपूरची पोरं आहेत ती. भरताचं वांगं काड्यांवर भाजताना कधी फिरवायचं, आत शिजलं हे कशावरून ओळखायचं, विचारून बघ. घडाघडा सांगतील. आधी अहिराणीत सांगू दे, मग प्रमाण मराठीत लिहू दे. नाचता येईना, अंगण वाकडं!

वर्ध्याची १९३७ची परिषद, गांधीजींची नई तालीम, हातांनी काम करत शिकणं; डी.एड.ला यावर पानंच्या पानं भरलीस. मार्कही घेतलेस. वर्गात पाय टाकताच विसरलास? नाही विसरलास. टाळतोस. येत नसतं तर शिकवलं असतं; येत असून टाळतोस, याचाच संताप आहे.

कसं करायचं, तुला ठाऊक आहे. तरी ऐक. एका गटाने भेळ करायची, करता करता टिपायचं. कागद दुसऱ्या गटाला द्यायचा. त्यांनी लिहिलंय तेवढंच करायचं, मनचं काही नाही. ‘कांदा घाला’ लिहिलंय? अख्खा कांदा, सालासकट, पातेल्यात. चिंचेचं पाणी आधी ओतून भांडं बाजूला ठेवलं? मुरमुऱ्यांचा लगदा. मग ‘क्रम महत्त्वाचा’ म्हणून तुला घसा फोडावा लागत नाही. पोरं कागद ओढून घेतात, स्वतःच खोडतात. किती, कधी, कुठवर. हे शब्द त्यांना तिथेच लागतात. चिरा, चिरून, चिरल्यावर. व्याकरणही तिथेच शिकव.

आणि गोष्ट भेळेपुरती नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी असते. अख्खी पुडी, एक लिटर स्वच्छ पाण्यात. धाकट्या भावाला जुलाब लागले आणि पोरीने ती अर्ध्या पेल्यात कालवली तर? मीठ जास्त होऊन लेकराच्या जिवावर बेतेल. पुडी नसेल तर एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यातला ‘सपाट’ गाळला तर काय बिघडतं, तुझ्या वर्गात किती जण सांगतील? उद्या हीच पोरं फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचणार आहेत. तिथे कुठला फळा असणार आहे?

सोमवारी तुझ्या तासाला मी मागच्या बाकावर बसणार आहे. फळा कोरा हवा. पातेलं आण, कांदे आण, पोरांचे गट कर. वहीत चुका दिसू देत, पण पोरांच्या स्वतःच्या. त्या तपासायला मी रात्र रात्र तुझ्याबरोबर बसेन. तुझी नक्कल तपासायला यापुढे एक मिनिटही देणार नाही.