‘ध’चा ‘मा’ आणि एकाचे २५५

प्रोग्रामिंग शिकवताना मी कित्येक वर्षे एक गोष्ट सांगत आलो. १९९१ साली मायक्रोप्रोज या अमेरिकी कंपनीचा ‘सिव्हिलायझेशन’ हा डावपेचांचा खेळ बाजारात आला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो रचला होता. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये वसाहत वसवायची आणि तिला अवकाशयुगापर्यंत न्यायचे. समोर संगणक खेळवत असलेले लिंकन, नेपोलियन, चंगीझखान असे नेते. भारताचे नेते महात्मा गांधी. प्रत्येक नेत्याला आक्रमकतेचा एक आकडा दिलेला होता आणि गांधीजींचा आकडा होता १. भारताने लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे. उत्तर यायला हवे उणे १. पण तो आकडा ठेवलेला होता एका चिन्हरहित बाइटमध्ये, आणि अशा बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच मावते. विजेच्या जुन्या मीटरची चाके शून्यावरून एक घर मागे फिरवली तर सगळीकडे ९ दिसू लागतील, तसे उणे १ चे झाले २५५. सर्वांत शांत नेता एका क्षणात सर्वांत युद्धखोर झाला आणि अणुबाँब टाकत सुटला.

गोष्ट संपायच्या आत मुलांना ‘अंडरफ्लो’ कळलेला असे. फळ्यावरचे अर्ध्या तासाचे काम दोन मिनिटांत व्हायचे. मग एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हा कोड तुम्ही पाहिलाय?” मी पाहिला नव्हता. मी ज्यांच्याकडून ऐकले त्यांनीही पाहिला नव्हता.

ती गोष्ट खोटी आहे. सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात ती स्पष्ट शब्दांत नाकारली. खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांनीही सांगितले की पहिल्या खेळात आक्रमकतेच्या पायऱ्या तीनच होत्या. गांधीजी सर्वांत खालच्या पायरीवर होते, पण तिथे ते एकटे नव्हते. सुमारे एक तृतीयांश नेते त्याच पायरीवर होते. लोकशाही आली काय, राजेशाही आली काय, आक्रमकतेच्या आकड्याला हात लागतच नव्हता. आणि समजा तिथे २५५ आले असते, तरी तो नेता सर्वांत वरच्या पायरीवरच्या नेत्यासारखाच वागला असता. त्याहून उग्र होण्याची सोयच खेळात नव्हती.

मग लोकांना दिसले ते काय होते? अणुबाँब हाती आला की त्या खेळातला कोणताही नेता वाटाघाटीत त्याची धमकी देत असे. लिंकनही देत, गांधीजीही देत. लिंकनची धमकी कोणाच्या लक्षात राहिली नाही. गांधीजींची राहिली, कारण ज्या माणसाने १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून अणुबाँबचा निषेध केला त्याच्या तोंडी ते वाक्य ऐकणे विसरता येण्यासारखे नव्हते. पुढे २०१० साली पाचव्या आवृत्तीत जॉन शेफर यांनी गांधीजींचा अण्वस्त्रांचा कल जाणूनबुजून, थट्टा म्हणून, १२ वर नेऊन ठेवला. एरवीची मर्यादा १० होती. आणि त्यानंतर, २०१२ च्या सुमारास, बाइट उलटल्याची कथा इंटरनेटवर फिरू लागली. म्हणजे माणसाने मुद्दाम केलेल्या गोष्टीला वीस वर्षांपूर्वीचे एक यांत्रिक कारण नंतर शोधून दिले गेले.

आमच्यासारख्या, ज्यांना फसायला नको होते, त्यांनाही ही कथा का पटली? कारण तिच्यातले यंत्र खरे आहे. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत अशा गोष्टी खरोखर होतात. एका बाइटचा ‘कॅर’ हा प्रकार उणे संख्या धरतो की नाही, हे भाषेने ठरवलेलेच नाही. ते कंपायलरवर सोडले आहे. चिन्ह असलेल्या उणे १ ची चिन्हरहित १ शी तुलना करायला सांगा, सी भाषा उणे १ मोठा ठरवते. एक शब्दही न बोलता. यंत्राची स्मृती तोकडी होती, वेग हवा होता, म्हणून भाषेने तपासणीचे ओझे प्रोग्रामरच्या खांद्यावर टाकले. त्या काळात तो निर्णय शहाणपणाचाच होता असे मला वाटते. पण त्याच सीमध्ये साधी पूर्णांक संख्या मूळची चिन्हासहित असते. चिन्ह नको असेल तर तसे लिहावे लागते. मायर यांचा आक्षेप नेमका हाच होता. भाषेत एखादी चूक होऊ शकते, यावरून ती त्या ठिकाणी झाली असे सिद्ध होत नाही. एवढी साधी पायरी आम्ही गाळली.

फोरट्रानच्या बाबतीत हेच याहून आधी घडले. १९५७ मध्ये आयबीएमने आणलेल्या या भाषेच्या मूळ रूपात दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेला काही अर्थ नसतो. (मोडीतही शब्द तोडून लिहीत नसत, वाचणाऱ्याने ते मनात तोडायचे.) शिवाय व्हेरिएबल आधी जाहीर करण्याची सक्ती नाही. त्यामुळे ‘डू १० आय = १,१०’ या ओळीने लूप सुरू होतो, पण स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले तर ‘डू१०आय’ नावाचे एक नवे व्हेरिएबल जन्माला येते आणि त्यात १.१० ही किंमत जाऊन बसते. कंपायलरची तक्रार नाही. या एका टिंबाने २२ जुलै १९६२ रोजी शुक्राकडे निघालेले मरिनर-१ यान बुडवले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. वास्तवात त्या यानाच्या मार्गदर्शनाच्या समीकरणांत एका चिन्हावरची आडवी रेघ उतरवून घेताना राहून गेली होती. टिंबाची चूकही खरी, पण ती नासाच्या मर्क्युरी कार्यक्रमातल्या कक्षेच्या गणितात होती आणि वेळेवर सापडली. दोन खऱ्या चुकांचे तुकडे जोडून तिसरी, कधीच न घडलेली चूक प्रसिद्ध झाली.

खरे बग मात्र असे गोष्टीवेल्हाळ नसतात. ‘एक्स-कॉम’ हा १९९४ चा डावपेचांचा खेळ ज्युलियन गॉलॉप आणि त्यांच्या भावाचा. प्रकाशक तीच मायक्रोप्रोज. त्याच्या डॉसवरच्या आवृत्तीत तुम्ही कितीही अवघड पातळी निवडा, सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडला की पातळी गुपचूप सर्वांत सोपी होऊन बसे. पडद्यावर कसलीच खूण नाही. खेळणाऱ्यांना वाटले, खेळच सोपा आहे, आणि त्यांनी तशी तक्रार केली. ती मनावर घेऊन १९९५ चा पुढचा भाग मुद्दाम बिकट करण्यात आला. न कळलेल्या चुकीवर दुसऱ्या खेळाची रचना उभी राहिली. यात गांधीजी नाहीत, २५५ नाहीत, म्हणून ही हकिकत वर्गात कोणी सांगत नाही. मीही सांगितली नव्हती.

मला चिंता वाटते ती खेळांपलीकडची आहे. ‘सिस्टिमची चूक आहे’ हे वाक्य आपण खिडकीपाशी उभे राहून किती सहज ऐकून घेतो आणि परत फिरतो! अशा कथांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. बाइट उलटला, भाषा विचित्र होती, संपले. माणूस त्यातून निघून जातो. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत भरकटले आणि नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नव्हती. सांगायला सुरेख गोष्ट, पण गणिती जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळ तिथे थांबले नाही. तिथली भाषा आदा होती, आणि तिने मर्यादा ओलांडली गेल्याचे ओळखले होते. अशा सात रूपांतरांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तिघांना विचारपूर्वक दिले नव्हते. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. तो कोड एरियान-४ वरून तसाच उचललेला, आणि नव्या रॉकेटला उड्डाणानंतर त्याचा काही उपयोगही नव्हता. मंडळाने कागद आणि कोड वाचले, म्हणून हे निर्णय उजेडात आले.

मराठी माणसाला हा पेच नवा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका राघोबादादा यांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. एका अक्षराचा बग! तो बदललेला कागद मात्र कोणी दाखवू शकलेले नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. कथेने तो दोष एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर सरकवला. बखरीच्या अशा मोहिनीला उत्तर म्हणून इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव अस्सल कागद शोधत हिंडले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापू लागले. संगणकाच्या इतिहासात मूळ कोड हाच अस्सल कागद आहे.

म्हणून तो जपला आणि खुला केला पाहिजे. ‘सिमसिटी’चा कोड २००८ मध्ये खुला झाला, ‘कमांड अँड काँकर’चा २०२० मध्ये. आता त्या खेळांविषयी कोणी काही म्हटले तर ओळ दाखवून मान्य करता येते किंवा खोडता येते. बाकीच्यांनीही हे करावे, आणि सार्वजनिक पैशातून लिहिलेल्या प्रोग्रामांना तर हा नियमच हवा. तोवर शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: गोष्ट सांगा, पण सोबत तिचा शेवटही सांगा. १९९१ च्या त्या खेळात गांधीजींची आक्रमकता सर्वांत खालच्या पायरीवर होती, आणि डाव संपेपर्यंत ती तिथेच राहत असे.