रिकामी खोली

सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात पदवी घ्यायची तर ‘एथ्निक स्टडीज’चा एक तरी विषय घ्यावाच लागतो. हा अभ्यास कुणी आपणहून दिलेला नाही. कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो, मूलनिवासी अशा विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 1968 पासून मार्चपर्यंत संप केला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे 1969 मध्ये तो सुरू झाला.

तिथं शिकणाऱ्या पुण्याच्या गौरीनं या विषयाच्या निबंधाला भगतसिंग थिंदचा खटला घेतला. पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेला हा माणूस. स्थलांतरितांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिकत्व देणारा तेव्हाचा कायदा. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, थिंद गोरा नाही. पुढे कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. गौरीनं पोटतिडकीनं लिहिलं.

प्राध्यापिका म्हणाल्या, “अन्याय नीट मांडलास. आता थिंदच्या बाजूनं न्यायालयात काय मांडलं गेलं, तेही वाच.”

तिनं वाचलं. उच्चवर्णीय हिंदू, आर्य रक्ताचा, म्हणून गोराच, असा दावा होता. वर हेही की, अमेरिकी माणूस निग्रोशी सोयरीक टाळतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींशी टाळतो. त्या कायद्यात दुसरी वाट जवळजवळ नव्हती, हे खरं. पण वर चढताना पाय कुणाच्या खांद्यावर दिला, तेही खरंच.

त्या आठवड्यात गौरीच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती. लातूरची एक मुलगी बघून गेली होती. तिला आवडली होती, भाडंही परवडत होतं. ती गेल्यावर मैत्रिणी तिच्या आडनावावरून कुजबुजल्या आणि ‘खोली गेली’ असं कळवून मोकळ्या झाल्या. गौरी तेव्हा काहीच बोलली नव्हती. तिचं विद्यापीठ ज्यात येतं त्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या भेदभावविरोधी धोरणात 2022 पासून जातही आहे. पण खाजगी भाड्याच्या घरात त्या धोरणाला कोण विचारतं?

गौरीनं मैत्रिणींना थिंदचा दावा वाचून दाखवला. “त्याचा इथं काय संबंध?” एकीनं विचारलं. दुसरी उठून गेली.

मग गौरीनं लातूरच्या मुलीला फोन लावला आणि खरं कारण सांगितलं.

“ते मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “मी दुसरीकडे राहतेय आता. खोली अजून रिकामीच आहे ना?”

“हो.”

“मग पुढची मुलगी आली की तिला काय विचारणार आहात?”

गौरीनं मैत्रिणींना पुन्हा हाक मारली.